शेजाऱ्याची खिडकी, कॅमेरा आणि आपलं अंगण: कायदा नेमका कुठं कामाला येतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोलापूरच्या साखर पेठेत तुमचं जुनं घर, मधे अंगण, अंगणाच्या कडेला न्हाणी, वर माळवद, म्हणजे मातीची सपाट गच्ची. शेजाऱ्यांनी त्यांचं जुनं घर पाडून मजले चढवले, तुमच्या अंगणाच्या बाजूला दोन मोठ्या खिडक्या आणि एक गॅलरी काढली आणि आता गॅलरीच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवलाय, त्याचं तोंड तुमच्या दाराकडं. बोलायला गेलात तर "माझ्या जागेत मी काही पण करीन, तुम्ही पडदा लावा" असं उत्तर आलं, पोलिसांकडं गेलात तर "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की रात्री यंत्रमाग चालवला तर लोक कोर्टातून मनाई आणतात, मग दिवसभर कुणीतरी आमच्या घरात बघतं त्याच्यावर का आणता येत नाही?

आणता येते. पण रस्ता वेगळा आहे, आणि या केसेस हरतात त्या बहुतेक एकाच कारणानं हरतात. माणूस कोर्टात जाऊन "तो माझ्याकडं बघतो" हे सिद्ध करायला बसतो. कोण कधी कुठं बघत होता हे सिद्ध होत नाही, समोरचा म्हणतो मी तर कपडे वाळत घालत होतो, आणि विषय संपला. सिद्ध करायचं असतं ते हे की त्या बांधकामामुळं किंवा त्या कॅमेऱ्यामुळं मला माझं घर घरासारखं वापरता येत नाही. म्हणजे शेजाऱ्याची नजर हा तुमच्या केसचा विषय नाही, तुमच्या घराचा वापर हा विषय आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता यंत्रमागाचं बघू, कारण फरक तिथंच कळतो. उपद्रवाचा कायदा, ज्याला वकील लोक न्यूसन्स म्हणतात, त्याचा खाजगी भाग आपल्याकडं कुठल्या एका कायद्यात कलमवार लिहिलेला नाही, तो इंग्रजांच्या कोर्टातल्या निकालांतून आला आणि आपल्या कोर्टांनी तो इथल्या परिस्थितीला लावत नेला. त्याचं सूत्र एवढंच, की तुमच्या जागेच्या नेहमीच्या वापरात समोरच्यानं ठळक आणि अवाजवी अडथळा आणला पाहिजे, थोडीफार गैरसोय त्याला पुरत नाही. आवाज, धूर, वास, हादरे, सांडपाणी यांना हे सूत्र सहज लागतं. अलाहाबाद हायकोर्टानं 1978 च्या राधेश्याम विरुद्ध गुरुप्रसाद या निकालात वस्तीतल्या पिठाच्या गिरणीला कायमची मनाई केली, ती नेमकी आवाजानं घरात राहणं अवघड झालं म्हणून.

पण भाग बघितला जातो. 1879 च्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन या इंग्लिश खटल्यापासून हे ठरलेलं आहे की एका वस्तीत जो उपद्रव ठरतो तो दुसऱ्या वस्तीत ठरेलच असं नाही. आपल्या पूर्व भागात घराघरात माग आहेत, तिथं दुपारचा खडखडाट म्हणून कुणी मनाई मागितली तर अवघड आहे, तोच आवाज जुळे सोलापुरातल्या बंगल्यांच्या कॉलनीत नव्यानं सुरू झाला तर चित्र वेगळं. आणि पूर्व भागात सुद्धा रात्री दहानंतर नवीन शिफ्ट सुरू केली, मागांची संख्या वाढवली, हादऱ्यानं सामाईक भिंतीला भेगा पडल्या, तर तिथला माणूसही जिंकू शकतो. शिवाय आवाजाला आकडा आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे, मीटर लावला की कागद तयार. नजरेला मीटर नाही. म्हणून यंत्रमागवाल्यावर मनाई लवकर येते आणि खिडकीवाल्यावर येत नाही, यात कोर्टाला तुमच्या त्रासाची किंमत नाही असं अजिबात नाही.

जुना इंग्लिश कायदा तर खिडकीच्या बाबतीत सरळ हात वर करायचा. 1865 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, टॅपलिंग विरुद्ध जोन्स मध्ये सांगितलं की स्वतःच्या भिंतीत खिडकी काढणं हा गुन्हा नाही आणि नुकसानीचं कारणही नाही, शेजाऱ्याला आवडत नसेल तर त्यानं आपल्या जागेत भिंत घालावी आणि खिडकी झाकून टाकावी. तुमच्या शेजाऱ्याचं "माझ्या जागेत मी काही पण" हे तिथूनच आलंय असं समजा, फक्त त्यातला दुसरा अर्धा भाग त्यांना माहीत नाही, त्याच्याकडं मी खाली येतो.

आपला कायदा मात्र इंग्लंडपेक्षा एक पाऊल पुढं होता, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 1882 चा भारतीय सुविधाधिकार कायदा, म्हणजे शेजारच्या जागेबाबत आपल्या जागेला मिळणाऱ्या हक्कांचा कायदा, जो मुंबई इलाख्याला 1891 मध्ये लागू झाला, त्याचं कलम 18 उघडून बघा. रूढीनं मिळणारे हक्क असा त्याचा विषय आहे आणि त्याखालच्या उदाहरणात स्पष्ट लिहिलंय की एखाद्या गावात अशी रूढी असेल की शेजाऱ्याच्या खाजगीपणावर ठळक आक्रमण होईल अशी नवीन खिडकी कुणी काढायची नाही, तर तिथं घर बांधणाऱ्याला तो हक्क मिळतो, घराचा जो भाग सहसा बाहेरच्यांच्या नजरेआड असतो तो नजरेआडच राहिला पाहिजे. 1888 मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं गोकल प्रसाद विरुद्ध राधो मध्ये अगदी तुमच्यासारख्याच भांडणात, नवीन खिडक्या आणि गॅलरीतून बायकांचा वावर असलेला भाग दिसतो म्हणून, हा हक्क मान्य केला. मुंबई हायकोर्टानं गुजरातेतल्या गावांसाठी तो त्याच्याही आधी मानला होता.

मग अडचण कुठं आहे? अडचण "रूढी असेल तर" या शब्दांत आहे. आपल्याकडं कोर्ट ही रूढी गृहीत धरत नाही, तुम्हाला ती दाव्यात लिहावी लागते आणि साक्षी-पुराव्यानं सिद्ध करावी लागते, आणि इथं वकील आळस करतात. नुसतं "खाजगीपणाचा भंग झाला" असं लिहून मोकळे होतात. पेठांमधली जुनी घरं जरा बारकाईनं बघा, धाब्याची, मातीची, बाहेरच्या बाजूला जाड बंद भिंत, उजेड सगळा अंगणातून आणि वरच्या गवाक्षातून, शेजाऱ्याच्या अंगणाकडं खिडकीच नाही. ते उगाच नाही. तुमच्या बोळातली अशी सगळी घरं फोटोसकट दाखवायची, सत्तरी-ऐंशीतल्या दोन माणसांची साक्ष काढायची, आणि मुख्य म्हणजे जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं शोधायची, दोन्ही घरांची. त्यात चतुःसीमेखाली पुष्कळदा लिहिलेलं सापडतं की अमुक दिशेला खिडकी, दार, मोरी काढू नये. असं एक वाक्य मिळालं तर रूढी सिद्ध करायचा अर्धा भार तिथंच उतरतो, कारण मग तो नुसता रिवाज राहत नाही, लेखी शर्त होते.

आणि कुठला भाग मागायचा तेही नीट ठरवा. न्हाणी, आतलं अंगण, झोपायची खोली हे नजरेआडचे भाग. रस्त्याकडचा ओटा नाही, जिथं येणारा-जाणारा आधीपासून बघतोच. माळवदाचं मधे लटकतं, पण सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की घरातली बायका-पोरं वरच झोपतात हे इथल्या कुठल्याही न्यायाधीशाला समजावून सांगायची गरज पडत नाही, दाव्यात लिहा मात्र. सगळं घर मागितलं तर कोर्टाला वाटतं हे भांडण दुसरंच काहीतरी आहे.

आता "पडदा लावा" या उत्तराबद्दल, कारण ते ऐकून मला खरंच राग येतो. लंडनमध्ये टेट मॉडर्न नावाचं मोठं कलादालन आहे, त्यांनी नवीन इमारतीच्या दहाव्या मजल्यावर चारी बाजूंनी फिरून शहर बघायची गॅलरी काढली आणि समोर तीसेक मीटरवर काचेच्या भिंतींचे फ्लॅट. वर्षाला लाखो लोक येणार, त्यातले कितीतरी समोरच्या घरात बघणार, फोटो काढणार, काही जण दुर्बीण सुद्धा आणायचे. फ्लॅटवाले कोर्टात गेले आणि खालच्या कोर्टांत हरले, त्यांना तेच सांगितलं गेलं, काचेचं घर तुम्ही घेतलंय, पडदे लावा. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं फर्न विरुद्ध टेट गॅलरी मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं हे उलटवलं. नुसतं दिसणं हा उपद्रव नाही हे कोर्टानं कायम ठेवलं, समोरासमोर घरं म्हटल्यावर थोडं दिसणारच. पण सतत, दिवसामागून दिवस लोकांच्या बघण्याखाली आणि कॅमेऱ्याखाली राहावं लागणं हा घराच्या उपभोगात ठळक अडथळा आहे, आणि जागेचा तसा वापर हा नेहमीचा, साधा वापर नाही, म्हणून तो उपद्रव. त्रास ज्याला होतो त्यानंच पडद्याआड राहून स्वतःला वाचवावं हे म्हणणं कोर्टानं साफ फेटाळलं.

हा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण उपद्रवाचं मूळ तत्त्व एकच असल्यानं तो दाखवता येतो आणि दाखवावा. त्यातून तुमच्यासाठी निघतं काय तर शेजाऱ्याच्या बेडरूमची साधी खिडकी, हवा-उजेडासाठी, एवढ्यावर उपद्रव म्हणून तुम्ही कमकुवत आहात, तिथं कलम 18 आणि जुनी कागदपत्रंच कामाला येतील. पण तीच गॅलरी उद्या पोरांच्या हॉस्टेलला दिली, तिथं मेस किंवा टेरेस हॉटेल काढलं, पंधरा-वीस अनोळखी लोक संध्याकाळभर तुमच्या अंगणावर उभे, तर तो घराचा साधा वापर राहिला नाही आणि मग उपद्रवाचा दावा भक्कम. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी निकालात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तोही जोडीला घ्या, पण लोक तो एकटाच घेऊन येतात आणि त्यावर शेजाऱ्याची खिडकी बंद करून मागतात, तसं होत नाही. तो तुमच्या दाव्याला वजन देतो, दाव्याचं कारण वेगळं लागतं.

कॅमेऱ्याची गोष्ट निराळी, आणि ताई, तुमची बाजू सगळ्यात बळकट इथंच आहे. स्वतःचं गेट, जिना, गाडी लावायची जागा दिसेल असा कॅमेरा लावायचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यात रस्त्याचा तुकडा आला तरी कुणी काही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या दारात कोण कधी आलं गेलं आणि अंगणात कोण काय करतंय हे चोवीस तास रेकॉर्ड होणं, हा घराचा नेहमीचा साधा वापर आहे असं म्हणायला जागाच नाही, आणि माणसाची नजर हलते तरी, कॅमेरा हलत नाही, विसरत नाही. कलकत्ता हायकोर्टानं 2025 मध्ये एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात सांगितलं की राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालू ठेवणं हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे, आणि सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. तुमची घरं वेगळी आहेत हा फरक समोरचा वकील काढणारच, पण सहहिस्सेदाराला सुद्धा जे करता येत नाही ते परक्याला कसं करता येईल, हे उत्तर तयार ठेवा.

आणि पोलिसांचं "सिव्हिल मॅटर" हे उत्तर खिडकीपुरतं बरोबर असलं तरी न्हाणीपुरतं चूक आहे. कपडे बदलणारी, आंघोळ करणारी बाई जिथं आपल्याला कुणी बघत नाही असं धरून चालते तिथं तिला बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी किमान एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंत कैद. स्त्रीच्या खाजगीपणात तिचा अपमान करायच्या हेतूनं घुसखोरी केली तर कलम 79. चित्रण झालं असेल तर आयटी कायद्याचं 66-ई. म्हणून आधी एकच गोष्ट तपासा, त्या कॅमेऱ्यातून न्हाणीचं दार किंवा आतला भाग दिसतो का. दिसत असेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ठाण्यात घेतली नाही तर वरिष्ठांकडं पोस्टानं पाठवा, आणि तरी काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. दिसत नसेल तर ही कलमं उगाच लावायला जाऊ नका. खोटं ठरलं की सिव्हिल दावाही लंगडा होतो.

काही जण तुम्हाला प्रांत किंवा तहसीलदारांकडं उपद्रवाचा अर्ज करायला सांगतील, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152. ते सार्वजनिक उपद्रवासाठी आहे, एका घराच्या खिडकीसाठी नाही. त्यात महिने घालवू नका.

सुरुवात महापालिकेपासून करा, कारण ते स्वस्त आहे. माहिती अधिकारात शेजाऱ्यांच्या बांधकामाचा मंजूर नकाशा मागा. गॅलरी नकाशात आहे का, तुमच्या बाजूला सोडायचं अंतर सोडलंय का, खिडक्या दाखवल्यात का ते बघा. गावठाण भागात अंतरात सवलती असतात त्यामुळं दरवेळी चूक सापडतेच असं नाही, पण गॅलरी हद्दीबाहेर तुमच्या अंगणावर आली असेल तर तो खाजगीपणाचा प्रश्नच उरत नाही, सरळ अतिक्रमण आहे, आणि नकाशाबाहेरचं बांधकाम असेल तर नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस काढायला महापालिकेला लेखी मागणी करा.

आता वरच्या टॅपलिंग निकालाचा दुसरा अर्धा भाग, खिडकी झाकायचा. नवीन खिडकीला उजेडाचा हक्क मिळायला सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणं वीस वर्षं लागतात, तीही शांतपणे, कुणी न अडवता. तोपर्यंत तुम्ही तुमच्या हद्दीत, महापालिकेच्या नियमात बसेल अशी भिंत घातली, जाळी किंवा पत्रा उभा केला आणि त्यांची खिडकी झाकली गेली तर त्यांना त्यावर दावा करता येत नाही. हे वाक्य नोटिशीत घातलं की बोलणी सुरू होतात हे मी पुष्कळदा बघितलंय. फक्त कॅमेरा फोडणं, वायर तोडणं, त्यावर रंग मारणं यातलं काही करू नका, घरातल्या पोरांनाही बजावून ठेवा, फिर्यादी तुम्ही आणि आरोपीही तुम्हीच असं होतं.

दावा लावायचा झाला तर त्याचा जीव कोर्ट कमिशनरमध्ये आहे. मनाईच्या तात्पुरत्या अर्जाबरोबरच जागा पाहणीसाठी कमिशनर नेमायचा अर्ज द्या, आणि अर्जात नेमकं काय बघायचं ते लिहा, नाहीतर ते येऊन चहा घेऊन "खिडकी आहे" एवढं लिहून जातात. खिडकीची खालची पट्टी फरशीपासून किती फुटांवर आहे, तिथं साधा माणूस उभा राहिला तर न्हाणीचं दार दिसतं का, गॅलरीच्या कठड्यापासून अंगण किती अंतरावर, आणि कॅमेरा शेजाऱ्यांच्या मोबाईलवर लाइव्ह लावून त्या चौकटीत तुमच्या घराचा कुठला भाग येतो, आवाजही रेकॉर्ड होतो का. त्या स्क्रीनचा फोटो अहवालाला जोडला की निम्मा वाद तिथंच मिटतो. तुम्ही स्वतः काढलेले फोटो-व्हिडिओ द्यायचे असतील तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या मोबाईलवर काढलेत तो विकू नका, मूळ फाइल पुसू नका.

बहुतेक वेळा हे तडजोडीतच संपतं आणि संपावं असं माझं मत आहे, कारण भिंतीला भिंत लागून राहायचं तर निकालानंतरही आहेच. मागायचं काय ते स्पष्ट ठेवा: खिडकीला पाच-साडेपाच फुटांपर्यंत न उघडणारी धूसर काच, वर हवेला झडप, गॅलरीच्या त्या बाजूला उंच जाळी, कॅमेऱ्याचं तोंड वळवणं. वळवता येत नसेल तर डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या, सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क म्हणून असतो, चौकटीतला तुमच्या घराचा भाग कायमचा काळा करून टाकतो, कॅमेरा बसवणारा पाच मिनिटांत करतो. माइक बंद. हे सगळं तोंडी नको, कोर्टात तडजोडीचा हुकूमनामा करून घ्या, म्हणजे उद्या घर विकलं गेलं किंवा मन बदललं तर अंमलबजावणी मागता येते.

उशीर मात्र करू नका. विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम 41 प्रमाणं ज्या गोष्टीला तुम्ही गप्प राहून मूक संमती दिली तिच्यावर मनाई मिळत नाही, आणि प्लास्टर-रंग होऊन लोक राहायला आले की कोर्ट गॅलरी पाडायला सांगताना दहादा विचार करतं. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, तो कायद्यानं दिलेला हक्क आहे, मागायला संकोच करू नका. जाताना दोन्ही घरांचे सिटी सर्व्हेचे उतारे, जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र, बांधकाम चालू असतानाचे तारखेचे फोटो असतील तर ते, आणि अंगणात उभं राहून गॅलरी आणि कॅमेरा दिसेल असे आत्ताचे दोन फोटो एवढं बरोबर न्या.